काट्या आम्हीच टाकल्या

मी उठले तसं शिपायानं बाक पुसलं.

माझ्या देखत. खांद्यावरचं फडकं काढलं, बादलीत बुडवलं, पिळलं आणि मी जिथं बसले होते तेवढीच जागा पुसली. मग आबा उठले, तर त्यांचीही पुसली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक प्लॉटवाला बसला होता. तोंडात गुटखा, बुटांना चिखल. त्याची बाजू तशीच राहिली.

मी बघतेय हे शिपायाला दिसलं. म्हणाला, "लेंड्यांचा वास बसतोय लाकडाला. साहेब मला बोलतेत."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रोजचं काम उरकावं तसं त्यानं ते केलं. मला तेच जास्त लागलं. रागानं पुसलं असतं तर भांडता आलं असतं.

आबा हसले. माझे वडील. त्यांना असं हसायची सवय आहे. ज्यांच्या रानात मेंढरं बसवायची त्यांच्यापुढं ते जन्मभर असंच हसत आले. लहानपणी मला वाटायचं, आबांचा स्वभाव आनंदी आहे. पुढं कळलं, ते हसू म्हणजे पाठीवर मार बसू नये म्हणून आधीच वाकणं आहे. त्या दिवशी नगरपंचायतीच्या कार्यालयात, ओल्या बाकाशेजारी उभं राहून आबा हसले आणि मला ते बघवलं नाही. तरी मी गप्प बसले. कारण आम्ही अर्ज-विनंती करायला आलो होतो. विनंतीला आलेल्या माणसानं गप्प बसायचं असतं, हे मला घरातच शिकवलं होतं.

कशाची विनंती, ते सांगते.

आम्ही मेंढपाळ. आमची वस्ती गावाच्या टोकाला, पाझर तलावाच्या अलीकडं. दिवाळी झाली की बिऱ्हाडं घोड्यांवर टाकून निघायचं, मांजरसुंब्याच्या चौकातून पुढं, नदीकाठच्या बागायती रानांकडं. ज्याच्या रानात रात्री मेंढरं बसवू तो दाणे देतो, कधी भाकरी देतो, आणि त्याच्या जमिनीला खत मिळतं. मिरगाच्या तोंडाला परत वस्तीवर. आमच्या कितीतरी पिढ्या अशीच ये-जा करण्यात गेल्या. घर मात्र इथंच. म्हातारी माणसं इथंच पुरली आहेत, देव इथंच आहे, रेशन कार्ड इथलंच आहे.

वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत एकच वाट. त्याच वाटेला पुढं एक फाटा, तो तलावावर जातो. मेंढरं त्यानंच पाण्याला जातात. बाळंतीण त्यानंच दवाखान्यात जाते. दुसरी वाट नाही. वाटेच्या डाव्या हाताला दादाचं रान, उजव्या हाताला काकूचं.

काकू साधी शेतकरीण. तिची रब्बीची ज्वारी वाटेला लागूनच. आणि दादा म्हणजे गावाचा दादा. त्याची सून नगरसेविका आहे. सभेत तिच्या खुर्चीवर दादा बसतो आणि सही करायची वेळ आली की कागद घरी जातो. सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही.

आता काट्यांचं सांगते, कारण सगळं तिथंच अडकलं.

आम्ही निघायच्या दिवशी आबा बाभळीच्या काट्या तोडून आणायचे आणि वाटेच्या तोंडाला आडव्या लावायचे. वस्तीवर माणूस उरत नाही. वाट उघडी राहिली तर मोकाट गुरं तिच्यातून आत घुसतात आणि काकूची ज्वारी उभी खातात. पूर्वी दादाचं रानही पिकात असायचं, तेही खाल्लं जायचं. म्हणून काट्या. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आबांच्या वडिलांनी लावल्या, आबांनी लावल्या. आबांच्या तळहातात काटे मोडलेले असायचे आणि आई रस्त्यानं चालता चालता सुईनं ते काढायची. एकदा मी विचारलं होतं, रान त्यांचं, पीक त्यांचं, मग काटे आपल्या हातात कशाला? आबा म्हणाले, "आपल्या वाटेनं कुणाचं नुकसान होऊ नै."

एवढंच. आम्हाला ही मोठी गोष्ट वाटत नव्हती. जाताना दाराला कडी घालतो तसंच ते.

यंदा आम्ही परत आलो तर काट्या नव्हत्या. वाटही नव्हती. डांबरी रस्त्याच्या कडेला एक मोठा फलक लागला होता, त्यावर कारंज्याचं चित्र आणि दादाच्या आईचं नाव देऊन काढलेली नगरी. आत दादाचं रान सपाट केलेलं. फक्कीच्या पांढऱ्या रेघा. आमच्या वाटेच्या बरोबर मधे लोखंडी खुंटा ठोकलेला आणि त्यावर प्लॉटचा नंबर. मेंढरं सवयीनं वळली आणि खुंट्यापाशी घोटाळली. मागून येणारी पुढच्यांवर चढली. कोकरं ओरडायला लागली.

राखणदार खुर्चीवरून न उठता म्हणाला, "हितून जनावर न्यायचं न्हाई. दादानी सांगितलंय."

त्या दिवशी आम्ही काकूच्या पडीक बांधावरून चोरासारखे आमच्या घरी गेलो.

याच रानात आमची मेंढरं बसलेली आहेत. वर्षानुवर्षं. दादाच्या बापाच्या काळापासून. मी लहान असताना थंडीत आम्ही त्या रानात मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून झोपायचो. सकाळी दादाची आई भाकरी द्यायची, पण ओसरीवर येऊ द्यायची नाही. बांधावर ठेवायची आणि मागं सरकायची. मी एकदा पुढं गेले तर म्हणाली, "थांब तितंच, उवा पडतेत." आमच्या खतानं ते रान काळंभोर झालं. आता त्याच्यावर मुरूम पडला होता.

म्हणून आम्ही नगरपंचायतीत आलो होतो. आबा आणि मी. माझे मालक मेंढरांमागं थांबले. मी दहावी झालेली, म्हणून आबांनी मला बरोबर घेतलं. बोलायचं त्यांनी, वाचायचं मी, असं ठरलं होतं.

केबिनमध्ये साहेब होते. बांधकामाचे इंजिनिअर. तरणा माणूस, बाहेरगावचा. शेजारी दादा बशीतून चहा पीत बसला होता. समोर दोन खुर्च्या रिकाम्या. कुणी बसा म्हटलं नाही. आबा पायरीशी चप्पल काढून आत गेले. मी घालूनच गेले, मुद्दाम नाही, लक्षात आलं नाही. दादानं माझ्या पायांकडं बघितलं.

साहेबांनी विचारलं, "काय काम?"

"साहेब, आमची वाट. मेंढरं पाण्याला जातेत ती. खुंटा ठोकलाय तिच्यात."

"ती वाट नकाशावरून कमी करायचा ठराव झालाय. लेआउटला तात्पुरती मंजुरी पण दिली."

"पर आमी तर तिच्यावरूनच येतो-जातो."

"मी स्वतः पाहणी केली आहे. वाट बंद होती. काट्या टाकलेल्या होत्या, गवत वाढलं होतं. वाट वापरात नाही, असा माझा अहवाल आहे."

आबांचा चेहरा खुलला. मी तो चेहरा विसरणार नाही. त्यांना वाटलं, साहेबाचा काहीतरी गैरसमज झालाय, सांगितलं की मिटेल. दोन्ही हात पुढं करून ते म्हणाले, "न्हाई न्हाई साहेब. त्या काट्या आमीच टाकल्या. दर साली टाकतो. माज्या बापापसून टाकतो."

अभिमानानं म्हणाले. आपण किती जपून राहतो हे एका शिकलेल्या माणसाला सांगायची संधी मिळाली म्हणून.

दादानं बशी खाली ठेवली. "ऐकलं का साहेब? सोताच म्हणतोय."

साहेबांनी कागद ओढला. लिहायला लागले. लिहिताना मोठ्यानं म्हणत होते. अर्जदार समक्ष हजर राहून सांगतात की, सदर वाट त्यांनी स्वतः काट्या टाकून बंद केली. पुढं काही नाही. कशासाठी टाकल्या ते नाही. काकूची ज्वारी नाही. परत येतो ते नाही. एवढं लिहून त्यांनी शाईचा पॅड पुढं सरकवला. "अंगठा द्या."

आबा म्हणाले, "दादा, तुमी सांगा की साहेबास्नी. तुमास्नी समदं ठावं हाय. हवं तर यंदा पुन्यांदा मेंढरं बसवतो, जिथं म्हनाल तिथं."

दादा हसला. "मेंढरं काय सिमेंटवर बसवतो का बे?"

आबा दादापेक्षा वयानं मोठे आहेत. दादाचं नाक गळत होतं तेव्हा आबा त्याच्या बापाच्या रानात वाघर लावत होते. त्यांना तो माझ्यासमोर बे म्हणाला.

पुढं म्हणाला, "आन् तुमी कुठले रहिवासी? आर्धं साल हिकडं, आर्धं साल तिकडं. जिथं मेंढरू बसंल तिथं तुमचं गाव. गावाच्या कामात कावून येता?"

साहेब हसले नाहीत. पण त्याला अडवलंही नाही. आबांचा अंगठा पॅडवर टेकला होता, शाई लागली होती. ते हसत होते. तेच हसू.

मी त्यांचं मनगट धरलं.

कुठून बळ आलं माहीत नाही. बाक पुसलं त्यातूनच बहुतेक. मी म्हणाले, "आबा, अंगठा देऊ नका."

दादा म्हणाला, "पोरगी लई शिकली म्हनायची."

मी साहेबांकडं बघून बोलले. दादाकडं बघितलं असतं तर आवाज फुटला नसता. "जबाब आमचा हाय, तर आमी लिहून आनू. समदा लिहू. आर्धा न्हाई."

आबांचा अंगठा मी पदरानं पुसला. शाई पूर्ण निघाली नाही. पदरावरचा डाग अजून आहे. ते लुगडं मी मुद्दाम ठेवलंय.

बाहेर आल्यावर आबा माझ्यावरच चिडले. "कावून अडीवलंस? खोटं काय बोललो व्हतो मी?"

"खोटं न्हाई आबा. पर त्यांनी पुढचं लिवलंच न्हाई."

त्यांना ते पटलं नाही. खरं बोलून माणूस अडकतो, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. माझ्याही बसत नव्हतं.

नगरपंचायतीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथले चाचा दाखले, उतारे, अर्ज सगळं करून देतात. मी त्यांना विचारलं, वाट कमी करायचा ठराव झाला तर आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही? चाचांनी आधी रस्त्याकडं बघितलं, मग मशीन चालू केलं, आवाज व्हावा म्हणून. म्हणाले, "सांगितलं ना बेटी. जाहीर प्रगटन लागलं व्हतं बोर्डावर. संक्रांतीच्या आसपास. म्हैन्याची मुदत व्हती हरकत घ्यायला. पेपरात बी आलतं. एक बी हरकत आली न्हाई."

"कुठल्या बोर्डावर?"

"आत. बाकाच्या वर."

मी परत गेले. खरंच होतं. ज्या बाकावर आम्ही बसलो होतो त्याच्याच डोक्यावर काचेचा फळा होता, कुलूप लावलेला. आत कागदावर कागद. कुणाला बांधकाम परवानगी, कुठला लेआउट, कुठली मोकळी जागा कशासाठी बदलणार, सगळं बारीक अक्षरात. वाचायचं तर बाकाला गुडघे टेकून उभं राहावं लागतं. म्हणजे ज्या जागेवर आमची सावली चालत नाही, तिथं उभं राहिल्याशिवाय गावात काय होणार ते आम्हाला कळणार नाही. आणि संक्रांतीला आम्ही कुठं असतो हे दादाला माहीत नव्हतं का? त्याला आमचा रस्ता तोंडपाठ आहे. अख्ख्या गावाला कळवलं, असं कागदावर आलं. आम्ही गावात नव्हतो, हे कुठंच आलं नाही.

मला रडू आलं नाही. चीड आली. आबांवरही आली. त्यांच्या चांगुलपणावर आली. आपण काटे आपल्या हातात घेतले आणि यांनी त्याच काट्यांचा पुरावा केला.

चाचा म्हणाले, "अंतिम मंजुरी बाकी हाय अजून. रस्ते, नाल्या झाल्या की मग देतेत. तवर बोलता येतं. लिहून दे. दोन प्रती कर, एकीवर शिक्का घे. फाईल बघायची तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. पर माझं नाव कुठं घिऊ नको." ते घाबरले होते. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांचं दुकान दादाच्या गाळ्यात आहे.

मी लिहिलं. सगळं लिहिलं. काट्या कोण टाकतं, कधी टाकतं, कशासाठी टाकतं, कधी काढतं. आबांना वाचून दाखवलं, मग त्यांनी अंगठा दिला.

द्यायला गेले तर अर्ज घेणारा आवकचा बाबू म्हणाला, "मुदत संपली. घेता येत न्हाई."

"मंग घेता येत न्हाई असं लिहून द्या."

"तसं लिहून देत नसतेत."

"मंग घ्या."

तो म्हणाला, "बस." मी बसले. त्याच बाकावर. दुपारचं जेवण करून तो आला, मी होतेच. दुसऱ्या दिवशीही गेले. शिपाई दरवेळी बाक पुसायचा. आता तो माझ्याकडं बघत नव्हता. शेवटी बाबूनं शिक्का मारला, इतक्या जोरात की कागद फाटला. फाटका तर फाटका. मी घडी करून घेतला.

मग फाईल बघायला मिळावी म्हणून अर्ज केला. आधी साहेब रजेवर, मग फाईल बीडला, मग कपाटाची किल्ली नाही. एक दिवस फाईल समोर आली. तिच्यात आमच्या वाटेचा फोटो होता. रंगीत. काट्या, गवत, मागं आमच्या वस्तीची कुलपं. फोटोकडं बघताना मला पहिल्यांदा समजलं, की बाहेरचा माणूस आपल्याकडं बघतो तेव्हा त्याला काय दिसतं. काही दिसत नाही. पण मला त्या फोटोत आबांच्या हातची गाठ दिसली. काट्यांची मोळी त्यांनी जुन्या घोंगडीच्या दोरीनं वाटेकडच्या बाभळीच्या खुंटाला बांधली होती. एका बाजूनं ओढली की सुटते अशी.

माझ्या अर्जावर सुनावणी लागली, तिच्याआधी मी काकूकडं गेले. म्हणाले, काकू, तू नुसतं खरं सांग. आमी काट्या कुणासाठी टाकतो ते सांग.

काकू चुलीपुढं बसली होती. बराच वेळ राख सारखी करत राहिली. मग म्हणाली, "मला यात पाडू नगं बाई. दादाच्या बोरचं पानी हाय मला."

"तुजीच ज्वारी राखली ना आमी?"

"राखली. मी कुटं न्हाई म्हनते? पर तितं येऊन न्हाई सांगनार."

तिनं मला चहा केला. चांगला केला. मी पिऊन आले. त्या चहाचा मला आजही राग आहे.

सुनावणीला टेबलामागं मुख्याधिकारी, शेजारी साहेब. एका बाजूला दादा आणि त्याचा वकील. दुसऱ्या बाजूला आबा आणि मी. वकिलानं इंग्रजीत बराच वेळ काही वाचलं. मग दादा मराठीत बोलला. भटकी माणसं आहेत, यांना हक्क नाही, मोबदल्याच्या आशेनं आलेत. मोबदला. आम्ही तो शब्दसुद्धा काढला नव्हता.

मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

मी फोटो मागितला. साहेबांनी फाईल माझ्याकडं फिरवली. मी गाठीवर बोट ठेवलं. "साहेब, ही गाठ बघा. सुरगाठ हाय. एका हातानं सुटते. वाट कायमची बंद करनारा अशी गाठ कावून मारंल? ज्याला परत यायचंय तोच अशी मारतो."

मुख्याधिकाऱ्यांनी फोटो जवळ घेऊन बघितला. क्षणभर मला वाटलं, झालं. माणसाला दिसलं की माणूस न्याय करतो, असं मी तोवर मानत होते.

ते म्हणाले, "नोंद घेतली."

दादा उठताना साहेबांना म्हणाला, "गाठी बघायला नगररचना हाय का आपली?" सगळे हसले. टेबलामागचेही हसले.

अंतिम मंजुरी अजून दिलेली नाही. नाकारलेलीही नाही. माझा अर्ज आता बीडला जिल्हाधिकाऱ्यांकडंही आहे, पोच माझ्याकडं आहे. खुंटा वाटेत आहे तसाच आहे. कंपाउंडची भिंत वाटेच्या तोंडापर्यंत येऊन थांबली आहे. ती पुढं सरकू नये म्हणून आम्ही रोज मेंढरं त्या खुंट्याच्या दोन्ही बाजूंनी घालून पाण्याला नेली. राखणदारानं शिव्या दिल्या. दादानं पोलीस पाठवले. मी शिक्क्याचा कागद दाखवला. पोलीस परत गेले. त्यांनाही शिक्का दिसतो, माणूस दिसत नाही, हे मी शिकले.

दिवाळी झाली. निघायचे दिवस आले. आबांचे गुडघे आता चालत नाहीत, ते वस्तीवरच थांबणार होते. तरी सकाळी कोयता घेऊन बाभळीकडं निघाले.

मी विचारलं, "कुटं?"

"काट्या आनाया."

"यंदा न्हाई टाकायच्या."

ते थांबले. "आन् काकूची ज्वारी?"

"तिनं राखन ठिवावी."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांची कुणी नाही. कोयता जागेवर ठेवून दिला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. काकूची ज्वारी हातभर आली होती. माझ्या आजोबापासूनची एक चांगली चाल मी मोडत होते, आणि ती मोडायला मला दादानं नाही, साहेबानं नाही, काकूच्या त्या चहानं तयार केलं होतं. वाईट वाटलं तरी मी बदलले नाही. आमची वाट उघडी राहील. तिच्यावर रोज पाय उमटतील. पुन्हा कुणी फोटो काढायला आलं तर त्याला पाय दिसतील.

पुढच्याच आठवड्यात मोकाट गुरांनी ज्वारीचा कोपरा खाल्ला. काकू वस्तीवर येऊन मला शिव्या देऊन गेली. मी ऐकून घेतल्या. काट्या टाकल्या नाहीत.

मी बिऱ्हाडासोबत गेले नाही. जन्मात पहिल्यांदा. मालक मेंढरं घेऊन गेले, घोड्याच्या गळ्यातली घंटा डांबरी रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. मी आबांसोबत मागं थांबले. एकानं तरी गावात राहायलाच हवं. फळा वाचायला.

आता मी बाजारच्या दिवशी नगरपंचायतीत जाते. बाकाला गुडघे टेकते आणि फळ्यावरचा प्रत्येक कागद वाचते. समजत नाही ते शब्द विचारते. बाबू वैतागतो. वैतागू दे.

मागच्या बाजारी नवा कागद लागला होता. गावाच्या खालच्या अंगाला ऊसतोड कामगारांची वस्ती आहे. तिच्या मागची मोकळी जागा, जिथं त्यांच्या पोरी खेळतात, लग्नाचा मांडव पडतो, ती दुकानांच्या गाळ्यांसाठी बदलायचा प्रस्ताव. हरकती असल्यास महिन्याच्या आत कळवाव्यात. मी तो कागद दोनदा वाचला. ती वस्ती सगळी कुलपात आहे. माणसं कोयते घेऊन कारखान्याच्या फडावर गेलीत, ती उन्हाळ्याशिवाय येत नाहीत. अर्धा तालुका जेव्हा घराबाहेर असतो तेव्हाच हे कागद लागतात. ही चूक नाही. ही यांची पद्धत आहे.

मी मोबाईलवर कागदाचा फोटो काढला. त्या वस्तीतली एक जण माझ्यासोबत शाळेत होती. तिला फडावर फोन लावला. तिला सांगितलं, हरकत लिहून पाठव, सगळ्यांची नावं घाल, शिक्का मी घेते.

शिपाई मागं येऊन उभा होता. म्हणाला, "तुजी वाट न्हाई ती. तुझा काय संबंध?"

"मी रहिवासी हाय हितली."

"फोटो काढायचा न्हाई."

"तसं लिहून द्या."

मी बाकावर बसले. बरोबर मधे, फळ्याखाली, पिशवी मांडीवर घेऊन. आवकचा बाबू अजून आला नव्हता. हातात आमच्या वाटेसाठी पुन्हा एक अर्ज होता, आणि पुढच्या बाजारी आणखी एक असेल, त्याच्या पुढच्या बाजारी आणखी.

शिपायानं खांद्यावरचं फडकं काढलं. बादलीत बुडवलं, पिळलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

मी उठले नाही.